खडकाळ वाटेवरचं इंग्रजी

वेल्ह्याहून तोरण्याला जाणारी वाट कशी आहे, असं गावातल्या पोराला विचारा. तो लगेच 'खडकाळ' म्हणेल. खडकाला 'आळ' जोडला की विशेषण होतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. डोंगराळ, रसाळ, केसाळ हे शब्दही त्याच्या तोंडी असेच बसलेले. याच पोराला वर्गात मात्र रॉक-रॉकी, हिल-हिली अशी यादी पाठ करायला लावतात. माझा आक्षेप त्या पाठांतराला आहे.

मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली. तरीही इंग्रजी प्रत्यय शिकवताना मराठीला प्रत्ययच नाहीत, अशा थाटात धडा सुरू होतो.

पावसाळ्यात भोरहून महाडकडे निघालं की वरंध घाटात या धड्याचं सगळं साहित्य मिळतं. फॉग, रेन, मड ही नामं फळ्यावर लिहा, पुढे वाय लावा. फॉगीत जी दोनदा, मडीत डी दोनदा, पण रेनीत एन एकदाच. का, ते मुलांनाच शोधू द्या. एका ऱ्हस्व स्वराच्या पुढे एकटं व्यंजन आलं की ते दुणावतं. रेनमध्ये स्वराची दोन अक्षरं आहेत, म्हणून तिथे गरज पडत नाही. हे एकदा उमगलं की सन-सनी वेगळं घोकावं लागत नाही.

अर्थाच्या छटाही घरच्याच शब्दांनी उलगडतात. धुरकट, तेलकट, मातकट यांतला 'कट' नावडतेपणा घेऊन येतो. म्हणून चाइल्डिश म्हणजे पोरकट आणि चाइल्डलाइक म्हणजे निरागस, हा फरक पोरं पटकन पकडतात.

खरी अडचण 'लेस'ची, आणि तिथे शिक्षकांनी थांबायलाच हवं. होमलेस म्हणजे बेघर, फिअरलेस म्हणजे निर्भय. इथे इंग्रजीतला नकार शब्दाच्या शेपटाला, आपला तोंडाशी. मुलं अडखळतात ती याच उलटापालटीमुळे. त्यांना मठ्ठ ठरवणं अन्यायाचं आहे.

डेंजरसला तर 'धोक्याचं' पुरतं; घाटातलं वळण धोक्याचं असतं, तिथे आपला 'चा'च विशेषणाचं काम करतो.

अर्थात प्रत्येक नामाला प्रत्येक प्रत्यय चालत नाही. डोंगराळ होतं, नदीचं 'नदाळ' होत नाही. तसंच गोल्डचं गोल्डन होतं, पण चांदीच्या वाटीला इंग्रजीत नुसतं सिल्व्हरच म्हणतात. पाठ करायचेच असतील तर एवढे अपवाद करावेत.