बँकॉकचा मुक्काम : दर पाहण्याआधी पायऱ्या मोजा

थंडीचे दिवस जवळ आले की दवाखान्यात येणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘आईबाबांना बँकॉकला नेणार आहोत, त्यांना झेपेल ना?’ मुंबईहून विमानाने सुमारे साडेचार तास, भारतीय जेवण सहज मिळते आणि खर्चही आवाक्यातला. तेव्हा असा बेत ठरणे स्वाभाविक आहे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात असलेल्या, घरचा जिना सावकाश का होईना चढणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांना हा प्रवास झेपतो. माझा प्रश्न त्यापुढचा असतो : हॉटेल कोणते घेतले? उत्तरादाखल मला बहुधा खोलीचा दर सांगितला जातो.

वाचकहो, स्वस्त हॉटेलाला माझा मुळीच विरोध नाही. पलंग स्वच्छ असावा, वातानुकूलन चालू असावे, गरम पाणी यावे. याहून अधिक थाटामाटाची गरज आपल्याला नसते. परंतु एकाच शहरातल्या दोन खोल्यांच्या दरात जो फरक पडतो, तो कशामुळे पडतो हे विचारले पाहिजे. बँकॉकमध्ये तो पुष्कळदा लांब गल्लीमुळे, लिफ्ट नसल्यामुळे, खिडकी नसल्यामुळे किंवा जुन्या पद्धतीच्या स्नानगृहामुळे पडतो. पंचविशीच्या तरुणाला यांतले काहीच जाणवत नाही. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना मात्र वाचलेल्या पैशांची भरपाई रोज करावी लागते.

प्रथम गल्लीविषयी. थाई भाषेत गल्लीला ‘सोई’ म्हणतात. सुखुमवित हा तिथला लांबलचक हमरस्ता. त्याच्या एका अंगाला विषम क्रमांकांच्या सोई आणि दुसऱ्या अंगाला सम. सोई म्हणजे आपल्याकडची छोटी बोळकांडी नव्हे. कित्येक सोई अर्धा-पाऊण किलोमीटर आत जातात आणि स्वस्त हॉटेले बहुधा त्यांच्या आतल्या टोकाकडे असतात. फूटपाथ असला तरी मधेच विजेचा खांब, मधेच खाद्यपदार्थांची गाडी, मधेच सैल झालेली फरशी. तरुण मंडळी सोईच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून निघून जातात. आजीबाईंना ते शक्य नाही आणि त्यांनी ते करूही नये.

म्हणून ‘स्टेशनपासून जवळ’ या जाहिरातीतल्या शब्दांवर विसंबू नका. नकाशावर हॉटेलापासून स्थानकापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजा. ज्येष्ठ बरोबर असतील तर ते तीनशे मीटरच्या आत असावे, असे मी सांगतो. हा आकडा कोणत्या ग्रंथातला नाही. भर उन्हात, दिवसातून दोनदा, न थांबता चालता येण्याजोगे अंतर म्हणून मी तो धरला आहे. १९९९ साली सुरू झालेली ‘बीटीएस’ ही उन्नत रेल्वे रस्त्यावरून धावते. पदपथापासून फलाटापर्यंत चांगले दोन मजले चढायचे असतात. स्थानकांवर लिफ्ट आहेत, पण प्रत्येक जिन्यापाशी आहेत असे नाही. बाहेर पडण्याच्या मार्गांना क्रमांक दिलेले असतात. लिफ्ट कोणत्या क्रमांकापाशी आहे हे आधी पाहावे आणि हॉटेल रस्त्याच्या त्याच अंगाला घ्यावे. नाहीतर रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी पुलाचा जिना रोज चढावा लागेल. २००४ पासून धावणारी भुयारी ‘एमआरटी’ या बाबतीत थोडी सोपी आहे.

विभाग कोणता निवडावा? प्रातुनाम हे कपड्यांच्या बाजारामुळे आपल्या लोकांच्या आवडीचे आहे. भारतीय खाणावळीही तिथे हाकेच्या अंतरावर आहेत, परंतु तिथल्या पदपथांवरची गर्दी ज्येष्ठांसाठी त्रासाची आहे. त्याहून जरा अलीकडे राचाथेवी किंवा फयाथाई स्थानकाजवळ खोली घेतली, तर बाजारही जवळ राहतो आणि रेल्वेही. सियाम ते चितलोम या स्थानकांदरम्यान रेल्वेमार्गाखालून डोक्यावर छाया असलेला उंचावरचा पादचारी मार्ग आहे. गुडघेदुखी असलेल्यांना संध्याकाळी फिरायला याहून बरी जागा त्या शहरात क्वचितच सापडेल. त्याला लागूनच मोठी दुकानसंकुले आहेत आणि त्यांतील स्वच्छतागृहे स्वच्छ व विनामूल्य असतात. लघवी वारंवार होणाऱ्यांना ही माहिती राजवाड्याच्या इतिहासाहून अधिक उपयोगाची! खाओसान रस्ता मात्र तरुणांसाठी सोडून द्यावा. तिथे रात्री झोप लागणे कठीण.

आता स्नानगृहाकडे वळू. माझ्या मते खोलीची खरी परीक्षा इथेच होते. परक्या ठिकाणची पहिली रात्र ही ज्येष्ठांच्या पडण्याची रात्र असते. घरी अंधारातही पावलांना वाट ठाऊक असते. इथे पलंगाची उंची वेगळी, दाराची दिशा वेगळी, दिव्याचे बटण भलतीकडे. त्यात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल किंवा रक्तदाबाची दोन-तीन औषधे असतील, तर झोपेतून एकदम उठताना रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा अवस्थेत माणूस स्नानगृहात जातो, उंबरठ्याला अडखळतो आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर पडतो. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया बहुधा टळत नाही, आणि ती परक्या देशात करावी लागणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

जुन्या हॉटेलांत टबात उभे राहून शॉवर घ्यावा लागतो. टबाचा काठ गुडघ्याइतका उंच असतो. एक पाय आत, एक बाहेर अशा स्थितीत तोल जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याची सहल याच कारणाने दुसऱ्याच दिवशी आटोपली. काकांचे मनगट मोडले, आणि उरलेले चार दिवस दोघांनी खोलीत दूरचित्रवाणी पाहण्यात घालवले. खोली छान होती, असे काकू आजही सांगतात.

तेव्हा हॉटेलाला आरक्षणापूर्वी पत्र पाठवा आणि नेमके विचारा. टब आहे की सपाट फरशीवरचा शॉवर? स्नानगृहाच्या दाराशी पायरी आहे का? भिंतीला धरायला दांडी आहे का? लिफ्ट आहे का, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी किती पायऱ्या आहेत? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. जुन्या दुकानवजा अरुंद इमारतींची जी हॉटेले झाली आहेत, त्यांत लिफ्ट नसते, किंवा असली तरी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. उत्तर मोघम आले तर ते नकारार्थी समजावे. राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचताना ‘न्याहारी उत्तम’ हे सोडून द्या. ‘जिना’, ‘लिफ्ट’, ‘निसरडे’, ‘कुबट वास’ एवढेच शब्द शोधा. दम्याच्या रुग्णांनी बिनखिडकीची खोली घेऊ नये. दमट हवेत तिथे बुरशी धरते. एक गोष्ट मात्र आपल्या सोयीची आहे. थाई स्वच्छतागृहात हाताने वापरायचा पाण्याचा फवारा बहुधा असतोच.

बॅगेत एक लहानसा रात्रदिवा आणि रबरी तळाच्या सपाता टाका. दिव्याची पिन दोन गोल दांड्यांची असेल तर ती तिथल्या बहुतेक भोकांत बसते. आपली तीन पिनांची मोठी पिन बसत नाही. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांनी किंवा वाफेचे यंत्र नेणाऱ्यांनी जोडपिन बरोबर ठेवावी. विजेचा दाब जवळपास आपल्याइतकाच आहे.

मुंबईहून जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीच्या सुमारास निघून तिथे पहाटे पोहोचतात. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने रात्र आणखी आखूड होते. हॉटेलात खोली मिळते ती साधारणपणे दुपारी दोन वाजता. मधले सात-आठ तास सत्तरीतले आईवडील स्वागतकक्षातल्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसतात. पायांवर सूज येते, औषधांच्या वेळा चुकतात, आणि दुपारी कंटाळून कुठेतरी फिरायला निघाले की उन्हात चक्कर येते. ज्येष्ठ बरोबर असतील तर आदल्या रात्रीचे भाडे भरून पहाटेच खोली ताब्यात घ्यावी, किंवा दिवसाचे विमान पाहावे. काटकसर करायची तर एखादे दर्शनीय स्थळ वगळून करा. विमान सुवर्णभूमीला उतरते की डॉन म्युआंगला, हेही तिकिटावर पाहा. दोन विमानतळ शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. सुवर्णभूमीहून फयाथाईपर्यंत रेल्वे सुमारे अर्ध्या तासात नेते, पण सामान आणि आजोबा दोन्ही बरोबर असतील तर मीटरची टॅक्सीच बरी.

मधुमेहींसाठी एक बारीकसा मुद्दा. स्वस्त हॉटेलांत दाराचे कार्ड भिंतीतल्या खाचेत ठेवल्यावरच वीज चालू होते. कार्ड काढून आपण फिरायला गेलो की काही ठिकाणी छोटा फ्रिजही बंद पडतो, आणि आतले इन्सुलिन दिवसभर तापत राहते. फ्रिज चालू राहील का, हे स्वागतकक्षात विचारावे. उलट बाजूही लक्षात ठेवा : या छोट्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला लागून ठेवलेले इन्सुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. ते दाराच्या कप्प्यात ठेवावे. वापरात असलेले पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चांगले राहते. वेष्टनावरची सूचना वाचावी. विमानात ते हातातल्या पिशवीतच असावे.

हवामानाबद्दल लोकांचा एक समज अर्धाच खरा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बँकॉकमधला त्यातल्या त्यात सुखद काळ, मार्च ते मे कडक उन्हाळा आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत पाऊस, हे बरोबर. पण डिसेंबर ते मार्च याच दिवसांत तिथल्या हवेतले सूक्ष्म धूलिकण वाढतात. दमा किंवा दीर्घकालीन श्वासविकार असलेल्यांनी ‘थंडी आहे, बरे वाटेल’ असे गृहीत न धरता श्वासातून घ्यायचे औषध जादा न्यावे आणि चांगल्या प्रतीचा मास्क बरोबर ठेवावा. लघवीची गोळी सकाळी घेऊन वाहनकोंडीत दोन तास अडकणे हीसुद्धा शिक्षाच; म्हणून काहीजण ती गोळीच गाळतात. तसे करू नका. वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीचेच प्यावे. शाकाहारी मंडळींसाठी सांगतो : पिवळ्या पट्टीवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे थाई अक्षर दिसले, की ते ‘जे’ म्हणजे तिथले कडक शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो. इतरत्र ‘फक्त भाज्या’ म्हटलेल्या पदार्थातही माशाचा सॉस असू शकतो. तो भरपूर खारट असतो, म्हणून रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी मांसाहारी असले तरी बेताने घ्यावा.

औषधांच्या पिशवीकडे मात्र गंभीरपणे पाहा. आपल्याकडे घरोघरी आढळणारी झोपेची अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, सर्दीच्या गोळ्यांतले सुडोएफेड्रीन ही सर्व थायलंडमध्ये नियंत्रित औषधे आहेत. ती जास्तीत जास्त ३० दिवसांपुरती, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. काहींना आगाऊ परवानाही लागतो. थाई अन्न व औषध प्रशासनाच्या संकेतस्थळावर औषधाचे मूळ नाव घालून ते निघण्याआधी पुरेसे दिवस हाती ठेवून तपासा. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपल्या कंपन्यांची नावे तिथे कोणी ओळखत नाही.

बँकॉकमध्ये वैद्यकीय सेवा उत्तम आहे. सुखुमवित सोई ३ मधील बुमरुंगराद हे खासगी रुग्णालय जगभर ठाऊक आहे. लुम्फिनी उद्यानासमोर चुलालाँगकॉर्न हे मोठे रुग्णालय आहे. खासगी उपचार महाग, म्हणून प्रवासविमा हवाच, आणि तो घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी हे सारे नमूद करावे. लपवलेला आजार नेमका दावा करताना सापडतो. रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक भ्रमणध्वनीत तर ठेवाच, कागदावरही लिहा.

विस्मरणाचा आजार नुकताच सुरू झालेल्या व्यक्तीला नेत असाल, तर संपूर्ण मुक्काम एकाच हॉटेलात, शक्यतो एकाच खोलीत ठेवा. दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे अशी आखणी टाळा. संध्याकाळ झाली की त्यांचा गोंधळ वाढतो. पलंग दाराच्या बाजूचा आपण घ्या. पोहोचल्याबरोबर स्वागतकक्षातून हॉटेलचा पत्ता थाई लिपीत छापलेले कार्ड मागून घ्या. कित्येक टॅक्सीचालकांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही. त्या कार्डाच्या मागे आपला दूरध्वनी क्रमांक लिहा आणि ते आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा. पाकिटात नको, पाकीट खोलीतच विसरते.