‘बिगिनर-फ्रेंडली’ ही प्रवाळाची जात नाही

खाऱ्या पाण्याचा टँक घ्यायचं मनात आलं की पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर एक यादी येते : नवशिक्यांसाठी दहा सोपे प्रवाळ. झोअँथिड, मशरूम, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, खाली दोन-तीन दगडी प्रवाळ आणि शेवटी ‘यांना मारणं जवळपास अशक्य!’ असं एक वाक्य. माझं भांडण या वाक्याशी आहे. एखाद्या जिवंत प्राण्याची जाहिरात ‘हा लवकर मरत नाही’ अशी होते आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही.

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते, त्यामुळे प्रवाळ म्हणजे रंगीत खडा असा समज पक्का असतो. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. बरेचसे प्रवाळ म्हणजे लहान लहान पॉलिपांची वसाहत असते. टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या बहुतेकांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न बनवून त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. पाणी बिघडलं की मासा वर येऊन धापा टाकतो, आपल्याला कळतं. प्रवाळ फक्त मिटतो, फिका पडतो आणि आठवडेच्या आठवडे झिजत राहतो. ‘सोपा’ प्रवाळ म्हणजे बहुतेक वेळा असं झिजणं जास्त दिवस सोसणारा प्रवाळ. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एरर येत नाही म्हणून प्रोग्रॅम बरोबर चाललाय असं समजण्यासारखं आहे हे.

आता ती यादीच तपासू. झोअँथिड आणि मशरूम काटेकोर वर्गीकरणात खरे प्रवाळ नाहीतच, त्यांचे चुलतभाऊ म्हणा. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते चिकटलेला दगड उकळला किंवा जोरात घासला तर वाफेतून आणि तुषारांतून ते घरातल्या माणसांपर्यंत पोचू शकतं. जगायला सोपा आणि हाताळायला सोपा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी पहिलीबद्दल बोलते, दुसरीबद्दल गप्प बसते. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप खरोखरच चिवट आहेत, पण शेतातल्या हरळीसारखे. मुख्य खडकावर एकदा पसरले की वर्षभराने तुम्हीच ते खरवडत बसता.

सगळ्यात मोठी गोम दगडी प्रवाळांची. बाहेरच्या याद्यांत हॅमर, डंकन, कँडी केन बिनदिक्कत ‘सोपे’ म्हणून येतात. भारतात मात्र दगडी प्रवाळांचा अख्खा गण 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रपंखेही संरक्षित आहेत. अमेरिकेतल्या माणसासाठी लिहिलेली यादी कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या दुकानात घेऊन जाणाऱ्याला हे कोण सांगणार? रील तर नक्कीच सांगत नाही.

म्हणून ‘सोपा प्रवाळ कोणता?’ हा प्रश्नच बदलायला हवा. खरा प्रश्न असा : माझा टँक कोणाला जगवू शकतो? त्याचं उत्तर तुमच्या घरात आहे. बाहेरचे लेख हीटरबद्दल पानं भरतात. आपली अडचण उलटी. रीफ टँकला साधारण 25-26 अंश लागतात आणि मे महिन्यात आपल्या खोलीचंच तापमान 33 असतं. वरून दिवे आणि पंप पाणी तापवतात. पंखा लावला तर पाणी थंड होतं, पण उडूनही जातं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. रोज गोड्या पाण्याची भर घातली नाही तर खारटपणा 35च्या वर चढत जातो. टँक जितका लहान, तितके हे हेलकावे मोठे. म्हणजे ‘सुरुवातीला छोटाच घेऊ’ हा शहाणपणाचा वाटणारा सल्लाही नवशिक्याच्या मुळावर येतो. त्यात पावसाळ्यात चार तास वीज गेली की पंप बंद आणि पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. बॅटरीवरचा एअर पंप कुठल्याच सोप्या यादीत नसतो.

मग येते घाई. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला बहुधा चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतर तपकिरी आणि हिरव्या शैवालाची फेरी होते. हा काळ रिकाम्या खडकांकडे बघत काढायचा असतो आणि नेमका तिथेच ‘हा सोपा आहे, चालेल’ हा शब्द आपल्याला गाठतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इतके नियम सांगितले तर नवीन माणूस या छंदात येईल कशाला? कुठूनतरी सुरुवात करावीच लागते ना? करावी की. पण क्रम बदलून. आधी रिफ्रॅक्टोमीटर, आरओ-डीआयचं पाणी, तापमान आवरण्याची सोय. मग एक पूर्ण महिना आकडे वहीत लिहा. ते स्थिर दिसले तर एकच मशरूम आणा, डिस्कोसोमा. त्याला मंद उजेड आणि संथ प्रवाह पुरतो आणि अगदी निर्मळ पाण्यापेक्षा थोडं नायट्रेट असलेलं पाणी मानवतं. तीन महिने तो पसरून बसला तर पुढचं बघू. झोअँथिड आणायचेच असतील तर वेगळ्या दगडावर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : हा नेमका कोणता जीव, समुद्रातून काढलाय की टँकमध्ये वाढवलेल्या वसाहतीचा तुकडा आहे, आणि पावतीवर त्याचं नाव लिहून देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर रिकाम्या हाताने परत या.

हे एवढं मनाला का लावून घ्यायचं? एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त आणि तोही काही आठवडे, एवढंच त्याला पुरतं. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्कल लावून पाण्यात डोकावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समुद्राचा थर्मोस्टॅट आपल्या हातात नाही. टँकचा आहे. तो सांभाळायची तयारी नसेल तर गोड्या पाण्यातल्या गप्पीही सुंदर दिसतात.