टोमॅटोचे सत्त्व आणि ऋतूचे गणित

गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. खरिपाचे धान खळ्यावर आले, की तलाव, विहीर किंवा बोअरच्या आधाराने भाजीपाल्याचे मळे फुलतात. त्यांतील टोमॅटो, म्हणजे विदर्भातील भेदरे किंवा टमाटर, ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो तेथे रस्सा दाट करण्याचे काम एकट्यानेच करतो. त्यामुळे तो केवळ लाल आहे की खरोखर सत्त्वयुक्त आहे, हा प्रश्न अशा घरांसाठी महत्त्वाचा ठरतो.

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्पशा भागात साखर, आम्ल, पोटॅशियम, क जीवनसत्त्व आणि लाल रंग देणारे लायकोपीन सामावलेले असते. हा भाग किती भरेल हे वाणाबरोबरच हवामान, पाणी आणि खत यांवर अवलंबून असते.

लायकोपीन साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम तयार होते. तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर टिकून राहिले, की त्याची निर्मिती मंदावते. पिवळसर-नारिंगी द्रव्ये मात्र तयार होत राहतात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात पिकलेले फळ फिके, नारिंगी दिसते ते यामुळेच. माघ-फाल्गुनातील फळ गडद लाल होते, त्यामागेही हेच कारण आहे.

क जीवनसत्त्वाचे गणित निराळे आहे. त्यासाठी फळाला पुरेसा प्रकाश हवा. युरियाचा मारा झाला, की पाने माजतात, फळे सावलीत दडतात आणि हे जीवनसत्त्व घटते. पालाशाची योग्य मात्रा मिळाल्यास फळाचा रंग एकसारखा येतो. कन्हार ही जिल्ह्यातील भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन. तेथे गादीवाफे करून पाण्याचा निचरा साधावा लागतो. तोडणीच्या सुमारास पाणी थोडे आवरते घेतल्यास फळात साखर व घनांश वाढतात. परंतु वजनात घट येते. बाजारात भाव वजनावर ठरतो, म्हणून अशा संयमाचे मोल उत्पादकाच्या पदरात क्वचितच पडते. व्यापाऱ्याने चव आणि पक्वता पाहून दोन पैसे अधिक दिले, तर उत्पादक आणि ग्राहक दोघांचेही हित साधेल.

दूरच्या बाजारासाठी फळ हिरवे किंवा अर्धे पिकलेले तोडले जाते. ते वाटेत लाल होते. मात्र वेलीवर पिकलेल्या फळाइतकी गोडी त्यात भरत नाही. कच्चे फळ शीतकपाटात ठेवल्यास त्याची पक्वता खुंटते.

शिजवण्याने एक लाभ आणि एक हानी होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टोमॅटो ८८ अंशांवर ३० मिनिटे तापवल्यावर क जीवनसत्त्व सुमारे २९ टक्क्यांनी घटले, तर शरीराला मिळू शकणारे लायकोपीन वाढले. लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून फोडणीतील तेल किंवा तूप येथे उपयोगी ठरते.

गृहिणींनी म्हणून हिवाळ्यात जवळच्या मळ्यातील, देठाजवळही लाल झालेली, हातात जड लागणारी फळे घ्यावीत. काही कोशिंबिरीत कच्ची वापरावीत, काही तेलातुपात शिजवावीत. उन्हाळ्यात फिके फळच मिळाले, तर क जीवनसत्त्वासाठी लिंबू जोडीला घ्यावे आणि रंगासाठी फाल्गुनात उन्हात वाळवून ठेवलेल्या टोमॅटोच्या चकत्या कामी आणाव्यात.