खंडेनवमीच्या पूजेत एक जागा

नवरात्राच्या तोंडावर सोलापुरात घरोघरी आवराआवर निघते. गोधड्या-चादरी उन्हात पडतात, भांडी चकाकू लागतात आणि वर्षभर ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते तो माळाही रिकामा होतो. अशा वेळी जुन्या ट्रंकेमागून एखाद्या घरात पिवळट पडलेला व्हिडिओ गेम खाली उतरतो. वायरींचा गुंता, दोन जॉयस्टिक, चार-दोन कॅसेटी, प्लास्टिकचे पिस्तूल. चाळिशीतला घरचा कर्ता माणूस हातातला झाडू टेकवून तिथेच बसकण मारतो आणि साफसफाई थांबते.

१९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोने ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. नव्वदच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला, ‘मीडिया’सारख्या नावांनी विकल्या जाणाऱ्या. आपल्याला असली-नकलीचे सोयरसुतक नव्हते. टीव्हीचे ट्यूनिंग जुळून मुंग्यांतून मारिओ उगवला की दिवाळीच. मग ‘कॉन्ट्रा’, ‘डक हंट’, रणगाड्यांचा खेळ. त्या रणगाड्यांच्या खेळात दोघांनी मिळून विटांआडचा गरुड राखायचा असे. एक पुढे लढे, दुसरा घर सांभाळी. घरात टीव्ही एकच, भोवती गल्लीतली पोरे, आणि ‘तुझी लाईफ गेली, दे आता’ असा हक्काचा तगादा. तेवढ्यात लाईट जाई. त्या कॅसेटींत खेळ साठवून ठेवायची सोय बहुधा नसेच, म्हणून सातव्या स्टेजपर्यंत पोचलेलाही लाईट आल्यावर निमूटपणे पहिल्या स्टेजपासून सुरुवात करी. त्या वयात आपण हे किती सहज पत्करले होते!

आज ती वस्तू किलोच्या भावाने भंगारात घालण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा असे आम्हांला मनापासून वाटते. आपले शहर मागावर जगलेले शहर आहे. एरवी अखंड खडखडणारे यंत्रमाग खंडेनवमीला थांबतात, पुसले जातात, झेंडूच्या माळा लेतात. धोट्याला हळदकुंकू लागते. ज्याने पोट भरले त्याची पूजा, ही आपली रीत. मग ज्याने एका पिढीचे बालपण भरून टाकले, त्या यंत्रालाही या दिवशी पाटावर थोडी जागा का असू नये?

मात्र पूजेआधी मागाला तेल घालावे लागते, तशी याचीही डागडुजी करावी लागेल. कॅसेट चालेना की आपण तिच्या तोंडाशी फुंकर मारत असू. खरे तर ती काढून पुन्हा बसवल्याने तिच्या पट्ट्या नीट टेकत; फुंकरीतल्या दमटपणाने उलट त्या गंजत. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून त्या हलक्या हाताने पुसाव्यात. अडॅप्टर जुना असेल तर आधी जाणकाराला दाखवावा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकाने अजून तग धरून आहेत. त्या हातांनाही असे काम मिळाले तर आनंदच होईल.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हे गणित पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेले आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते. म्हणून माळ्यावरचा तो बोजड टीव्हीही इतक्यात काढू नये. शेजारीपाजारी कोणी काढत असेल तर मागून आणावा.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली, थोरांच्या पाया पडून झाले की दुपार मोकळीच असते. मोबाइलवर एकेकटी खेळणारी आपली मुले त्या वेळी घरातच असतील. जॉयस्टिक दोन आहेत. एक त्यांच्या हाती द्यावी, गरुड कुठे आहे ते दाखवावे आणि आपण पुढे निघावे.