रोझवॉलची अकरा वर्षे

ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू केन रोझवॉल विंबल्डनच्या अंतिम सामन्यात चार वेळा उतरला आणि चारही वेळा पराभूत झाला. १९५४ साली द्रोब्नीने, १९५६ साली दुहेरीतील त्याचाच जोडीदार लू होड याने, १९७० साली न्यूकोंबने आणि १९७४ साली कॉनर्सने त्याला हरविले. अखेरच्या सामन्याच्या वेळी तो ३९ वर्षांचा होता. त्याला दुर्दैवी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु सारा दोष दैवाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

दुसऱ्या व तिसऱ्या सामन्यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. त्या काळी विंबल्डनची दारे केवळ हौशी खेळाडूंना खुली होती. आडून पैसे घेणाऱ्या ‘हौशी’ खेळाडूंकडे काणाडोळा होई. उघडपणे खेळावर उदरनिर्वाह करणाऱ्याला मात्र मज्जाव असे! रोझवॉल बाविसाव्या वर्षी धंदेवाईक झाला आणि १९५७ ते १९६७ या अकरा स्पर्धांना मुकला. १९६८ साली बंदी उठताच फ्रान्सची पहिली खुली स्पर्धा त्यानेच लेव्हरला नमवून जिंकली.

त्याची सर्व्हिस सौम्य होती, हिरवळीवर ती निष्प्रभ ठरली असती, असे काही टीकाकार म्हणतात. सर्व्हिस सौम्य होती, हे खरे. परंतु अमेरिकेची स्पर्धाही तेव्हा हिरवळीवरच होत असे. ती त्याने १९५६ साली जिंकली आणि पुन्हा १९७० साली जिंकली.