लव्हेंडर विकावे, पण जूनमध्ये नको

मृगाची सर आली की रोपवाटिकांत गर्दी होते आणि मोगरा-जास्वंदीच्या जोडीने लव्हेंडरही खपते. आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्यापासून बीदरपर्यंतच्या पट्ट्यात रोपवाटिकाधारकांनी ही पावसाळी विक्री थांबवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोप दगावले की दोष उन्हावर जातो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ते पटतेही. पण लव्हेंडरचे माहेर भूमध्य समुद्राकाठचे. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो. आपल्याकडे ऊब आणि ओल एकत्र येतात, आणि मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोराला नेमके तेच हवे असते. त्यात काळी माती भिजली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही. मुळे कुजलेले रोप तहानल्यासारखी मान टाकते, म्हणून मालक ओल्या मातीत आणखी पाणी ओततो. बोट मातीत खुपसून पाहण्याची सवय गिऱ्हाइकाला आपणच लावायला हवी.

लव्हेंडरला अल्कधर्मी जमीन मानवते आणि आपली काळी तशीच आहे, असा युक्तिवाद होतो. सामू जुळतो हे खरे, निचरा जुळत नाही. म्हणून पसरट मातीची कुंडी, निम्मा मुरूम आणि जाड वाळू, कोकोपीट नावापुरते, वर शहाबादी फरशीची बारीक खडी. बीदरच्या जांभ्यात पाणी थांबत नाही, तिथे उंच वाफाही चालेल. मात्र सामू तपासून गरजेपुरता चुना मिसळावा. पावसात कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात ठेवावी. छाटणी हिरव्या फांदीपर्यंतच. जून, निष्पर्ण लाकडाला सहसा फुटवा येत नाही.

दुसरा आक्षेप भदरवाहचा. अरोमा मिशनमुळे डोडा जिल्ह्यातल्या त्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी मका सोडून लव्हेंडर धरले, मग इथे का नको? कारण तिथे डोंगरउतार आहे आणि हिवाळा कडाक्याचा आहे. तेलासाठीच्या अंगुस्टिफोलियाला ती थंडी लागते. आपल्या अंगणात दातेरी पानांचे डेंटाटा अधिक तग धरते. जातीचे नाव न लिहिता नुसते ‘लव्हेंडर’ म्हणून रोप देणे ही फसवणूक नसली, तरी कामचुकारपणा आहेच.

राहिला धंद्याचा प्रश्न. जूनचा गल्ला बुडेल हे मान्य. पण परतीचा पाऊस सरल्यावर विकलेल्या रोपाला पुढे थंडीचे चार महिने मिळतात आणि फुले गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येतात. उन्हाळ्यानंतर ते गेले तरी हंगामी झाड म्हणून विकल्यास तक्रार उरत नाही. दख्खनच्या माळांवर आपोआप उगवणारी लव्हेंडुला बायपिनाटाही एका हंगामातच आपले आयुष्य उरकते.