शेकोटी की सॉकेट?

कॅनडातील विनिपेग, सॅस्काटून यांसारख्या शहरांत हिवाळ्यात उभ्या असलेल्या मोटारींच्या पुढल्या बाजूने विजेची एक वायर लोंबताना दिसते. ही वाहने विजेवर चालणारी नव्हेत. त्यांच्या इंजिन ब्लॉकमध्ये कूलंट तापविणारा एक लहानसा हीटर बसविलेला असतो. रहिवासी इमारतींच्या आणि कार्यालयांच्या वाहनतळांवर त्यासाठी सॉकेट्सची सोय असते. अमेरिकेतील उत्तर डाकोटाचे अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन तापविणाऱ्या अशा एका हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळविले. या साध्या उपकरणात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असे बरेच काही आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन जी उष्णता निर्माण होते, तिनेच इंधन पेट घेते. उणे वीस अंशांत गारठलेले लोखंड ही उष्णता शोषून घेते, वंगणतेल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचा जोर नेमका त्याच वेळी ओसरतो. म्हणून चालक रात्रभर इंजिन चालूच ठेवतो. अवजड मालमोटारीचे उभे इंजिन तासाला सुमारे तीन लिटर डिझेल पिते. दहा तासांत तीस लिटर झाले. उलट, दीड हजार वॅटचा हीटर निघण्यापूर्वी चार तास चालविला, तर खर्च होतो अवघी सहा युनिट वीज.

मग हा हिशेब चालकाला कळत नाही काय? कळतो. परंतु बहुधा डिझेलचे पैसे मालक देतो आणि पहाटे इंजिन सुरू न झाल्याचा मनस्ताप चालकाच्या वाट्याला येतो. शिवाय तो केबिनमध्येच झोपतो, आणि ब्लॉक हीटर इंजिनाला ऊब देतो, माणसाला नव्हे. तेव्हा चालकाला उधळ्या ठरविण्यात अर्थ नाही. वाहनतळावर इंजिन आणि केबिन या दोहोंसाठी वीज मिळाली, तरच त्याला काटकसर परवडेल. व्यक्तीचा शहाणपणा सार्वजनिक सोयीवाचून पांगळा असतो, तो असा.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. लडाखमध्ये गोठलेल्या गाडीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटविण्याची रीत चालकांच्या चांगली परिचयाची आहे. डिझेलच्या टाकीजवळ जाळ करणे म्हणजे जिवाशी खेळ. पण निरुपाय माणसाला तोही खेळायला लावतो. त्यातून लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. तेथील विरळ हवेत थंड इंजिन अधिकच अडून बसते.

२०१९ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी श्रीनगर-लेह वीजवाहिनीमुळे लडाख राष्ट्रीय ग्रिडशी जोडले गेले आणि इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल तेथे आणले. इंधनाचा प्रश्न त्यामुळे हलका झाला, इंजिनाचा नव्हे. द्रास, कारगिल आणि लेह येथील प्रत्येक मालमोटार तळावर टायमरसह वीजजोडण्या देणे आणि त्या भागात नियमित फिरणाऱ्या मालमोटारींना हीटर बसविण्यासाठी स्वस्त कर्ज देणे, ही आता पुढची पायरी असली पाहिजे.

शेकडो किलोमीटर लांबीची वीजवाहिनी डोंगर ओलांडून न्यायची आणि शेवटच्या दहा फुटांची वायर द्यायची नाही, हे कोणत्याच अर्थशास्त्रात बसत नाही. आपल्या सीमाप्रदेशाला धान्य आणि औषधे पोहोचविणाऱ्या माणसाला पहाटे गाडीखाली जाळ करावा लागू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.